आठ बाय साडेनऊची खोली

१

निवृत्त झाल्यावर काही माणसं देवदर्शनाला लागतात, काही सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांना वात आणतात. शशिकांतने स्पीकर शोधायला घेतले. सकाळी दूध, पेपर, पोहे आटोपले की साडेदहाला तो छोट्या खोलीत जायचा, दार लोटायचा, खुर्चीत बसायचा आणि तेच अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा लावायचा. सुचेता जवळच्याच शाळेच्या ऑफिसात कामाला होती. ती सव्वादहाला बाहेर पडली की घरात त्याला टोकणारं कुणी नसायचं.

खोली आठ बाय साडेनऊची. मीरा रोड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. बिल्डरने नकाशात तिला बेडरूम म्हटलं होतं, म्हणायला काय जातं! एक खिडकी, खिडकीखाली दिवाण, भिंतीतलं कपाट, संपलं. ही रुचिताची खोली. रुचिता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून खोलीत इस्त्रीचे कपडे आणि पाहुण्यांच्या बॅगा राहायच्या. आता तिथे शशिकांतचा अॅम्प्लिफायर आला होता.

पण खोली कायमची त्याची नव्हती. रुचिताला सातवा महिना चालू होता. पहिली वेळ तिसऱ्या महिन्यातच हुकली होती, आणि त्यानंतरचं तिचं ते गप्प बसणं घरातल्या कुणालाच विसरता आलेलं नव्हतं. या वेळी डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, शेवटचे दोन महिने पूर्ण आराम, दगदग नाही, कसला धसका म्हणून लागता कामा नये. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. डोहाळेजेवण उरकलं की, आजपासून तीन आठवड्यांनी, शनिवारी जावईबापू साईराज तिला आणून सोडणार होते.

"दिवाण हलणार नाही," सुचेताने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "तुमचे डबे त्याच्याभोवती जेवढे मावतील तेवढे ठेवा. मावले नाहीत तर गॅलरीत."

म्हणून स्पीकर छोटे हवे होते. शेल्फावर बसतील एवढे, पण वाजायला खरे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं काहीतरी. शशिकांतच्या मनात एक हळवी गोष्ट होती आणि ती त्याने सुचेतालाही सांगितली नव्हती. नातवंडाच्या कानावर पडणारा पहिला सूर चांगला पडावा, पत्र्याच्या डब्यातला नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

२

कानाचा त्याला भारी अभिमान. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधण्यात गेली होती. लाइनवर कान लावायचा आणि खरखर कुठल्या जोडातली आहे ते सांगायचं. बरोबरचे लोक खड्डा खणायच्या आधी त्याला विचारायचे. प्रत्येक खरखरीला कुठेतरी एक ढिला जोड असतोच, असं त्याचं पक्कं मत होतं, आणि ते सहसा चुकत नसे.

स्पीकर पारखायची त्याची रीतही अशीच स्वतःची. दुकानदार लावतात ती झगझगीत गाणी तो ऐकायचाच नाही. म्हणायचा, त्या गाण्यांवर रद्दी विकणाऱ्याचा भोंगासुद्धा छान वाजेल. ज्या माणसाचा आवाज आपण रोज ऐकलाय आणि ज्या खोलीत ऐकलाय, त्यावर स्पीकर लावून बघावा. खोटं लगेच पकडलं जातं.

म्हणून ते रेकॉर्डिंग. रुचिता बारा वर्षांची असताना, याच खोलीत, याच दिवाणावर बसून रियाज करत होती तेव्हाचं. शशिकांतने छोटा रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, बटण दाबलं आणि तो बाहेर निघून गेला, कारण समोर बाप बसला की पोरगी फिदीफिदी हसायची. मागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. आधी लांब सा, मग भूपाचे आरोह-अवरोह, मध्ये एकदा खोकला, एकदा पाणी प्यायल्याचा घोट, शेवटी "बाबा, बंद करा आता!" अकरा मिनिटं. त्याला ती तोंडपाठ होती.

पहिली जोडी त्याने पुतण्याकडून मागून आणली. तिच्या पेटीला मागच्या बाजूला भोक होतं, आणि एवढ्याशा खोलीत भिंत वीतभर अंतरावर, त्यामुळे तानपुरा गिरणीसारखा घुमायला लागला. दोन दिवसांत ती परत गेली.

दुसरी जोडी नीरजची. हाटकेशला एका गाळ्यात हा नीरज स्वतःच्या हाताने स्पीकरच्या पेट्या बनवतो. गाळ्यात एका बाजूला प्लायवूड, दुसऱ्या बाजूला सोल्डरिंग, आणि मधोमध तो, पस्तिशीचा, केसांत लाकडाचा भुसा. त्याची पद्धत चांगली. जोडी चार दिवस घरी न्या, ऐका, नाही आवडली तर परत.

"काका, ही बंद पेटी आहे, मागे होल नाही. छोट्या रूमला बेस्ट," तो म्हणाला. "बास थोडा कमी वाटेल, पण जो आहे तो एकदम सच्चा."

सच्चा होता. मंगळवारी सकाळी शशिकांतने रेकॉर्डिंग लावलं आणि त्याला खरोखर भरून आलं. दोन डब्यांच्या मध्ये, हवेत, त्याची बारा वर्षांची लेक बसली होती. तिच्या गळ्यातली ती किंचित कोरड, जीभ टाळूला लागल्याचा आवाज, सगळं. सा लावण्याआधी तिने श्वास घेतला.

आणि मग आणखी एक श्वास घेतला गेला.

शशिकांतने मागे नेऊन परत लावलं. रुचिताचा श्वास, मग लगेच, पाव सेकंदाने, दुसरा. जरा डावीकडून. जरा खालून.

भिंतीवरून परतलेला आवाज, त्याने स्वतःला सांगितलं. छोटी खोली आहे, आवाज आपटणारच. त्याने पुढचा भाग ऐकला. पाण्याचा घोट एकदाच होता. खोकला एकदाच होता. परत येत होता तो फक्त श्वास.

३

आता फॉल्ट शोधणारा माणूस काय करेल? एकेक जोड सुटा करून बघेल. शशिकांतने तेच केलं.

त्याने हेडफोन लावले. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ. एक मुलगी, एक तानपुरा. दुसरा श्वास नाही. म्हणजे रेकॉर्डिंग निर्दोष.

मग त्याने स्पीकर उचलून हॉलमध्ये नेले, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवले, वायरी ओढल्या, घामाघूम झाला. हॉलमध्येही स्वच्छ. म्हणजे स्पीकर निर्दोष.

परत खोलीत आणले. सा लावण्याआधी श्वास, आणि मग श्वास.

म्हणजे खोली. पण खोली म्हणजे काय, चार भिंती, एक खिडकी, एक दिवाण. जी खोली सगळंच परत पाठवत नाही आणि एकच गोष्ट निवडून पाठवते, तिला फॉल्ट कसा म्हणायचा, हे त्याला कळेना. त्याने कपाट उघडून पाहिलं. आत रुचिताच्या लग्नातल्या पत्रिकांचा गठ्ठा आणि उरलेल्या साड्यांचं बोचकं. कपाट बंद करून तो खुर्चीत बसला आणि खालच्या रस्त्यावरचा कांदेबटाटेवाल्याचा पुकारा ऐकत राहिला. तो पुकारा एकदाच येत होता.

संध्याकाळी त्याने सुचेताला खुर्चीत बसवलं.

"अहो, पोळ्या व्हायच्यात माझ्या."

"दोनच मिनिटं. फक्त सुरुवात ऐक."

सुचेता ऐकत राहिली. तिचा चेहरा मऊ झाला. लेकीचा आवाज ऐकून कुठल्या आईचा होणार नाही! तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "किती गोड गायची हो. लग्नानंतर एक सूर म्हणून लावला नाही पोरीने."

"श्वास ऐकलास?"

"कुणाचा?"

"दोनदा घेते असं नाही वाटत?"

"दमली असेल," सुचेता म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली.

शशिकांत तिथेच बसून राहिला. बासष्टाव्या वर्षी कान दगा देतात हे तो जाणून होता. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलंच होतं, वरचे सूर तुम्हाला कमी ऐकू येतात. पण डॉक्टरांनी जे आहे ते ऐकू येणार नाही असं सांगितलं होतं. जे नाही ते ऐकू येईल, असं काही ते बोलले नव्हते.

४

नीरजला फोन केला तर तो म्हणाला, "काका, रूम ट्रीट करा. भिंतीला काहीतरी मऊ लावा. आणि माझ्याकडे तिसरी जोडी आहे, एकदम छोटी. स्पीकरचा एकच पडदा, चार इंच. आवाजासाठी, गळ्यासाठी त्याच्यासारखा नाही. मी शनिवारी स्वतः घेऊन येतो, सेट पण करून देतो."

मऊ काय लावायचं? घरात होत्या दोन गोधड्या. सुचेताने बाळासाठी आपल्या जुन्या सुती साड्यांच्या शिवल्या होत्या, रोज रात्री चष्मा नाकावर ओढून, धावदोऱ्याने, एकेक टाका हातचा. शशिकांतने त्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चिमट्यांनी टांगल्या. सुचेताने पाहिलं आणि ती कडाडली.

"बाळाच्या अंगाखालची गोधडी भिंतीला? धूळ बसते तिच्यावर! तुम्हाला काही पोचच उरलेली नाही."

"धुऊन देईन. शनिवारपर्यंतच."

गोधड्यांनी खोली सुन्न झाली. टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. आपल्या आवाजाला कुणी उत्तर देत नाही असं वाटायचं. शशिकांतला बरं वाटलं. आपटायला भिंतच उरली नाही, तर परत येणार कुठून?

शनिवारी सकाळी नीरज आला. जोडी खरोखर छोटी होती, पुरणपोळीच्या डब्याएवढी. त्याने स्टँड लावले, दोन्ही पेट्यांची तोंडं खुर्चीकडे किंचित वळवली, वायरी जोडल्या आणि हात पुसत दिवाणाच्या कडेवर टेकला. शशिकांतने रेकॉर्डिंग लावलं.

आता श्वास दुसरा वाटतच नव्हता. तो सोबतचा होता. सा लागला, लांबला, बारा वर्षांच्या छातीत जेवढा दम तेवढा चालला, आणि मग पातळ होत गेला. आणि तो संपायच्या आत, खालून, डावीकडून, दुसऱ्या कुणीतरी तो उचलून धरला. रुचिताने श्वास घेतला. सा चालूच होता. मग तिने परत आपला त्यात मिसळला.

शशिकांत नीरजकडे बघायला घाबरला. पोराला काही ऐकू आलं नसेल तर आपण वेडे, आणि आलं असेल तर काय, हे त्याला ठरवता येईना.

नीरज मान हलवत होता. "सही आहे काका," तो म्हणाला. "दोघी काय मस्त गातायत. मोठीचा आवाज जास्त पक्का आहे, ना?"

"दोघी?"

"तुमच्या मुली. दोन आहेत ना?"

"मला एकच मुलगी आहे, नीरज."

नीरज हसला. रेकॉर्डिंग पुढे चालत होतं. तो दिवाणाच्या कडेवरून उठला आणि उभा राहिला, जागा दुसऱ्या कुणाची असल्यासारखा.

५

खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण दोघेही कामातली माणसं. एकाने जन्मभर जोड तपासले, दुसरा जन्मभर पेट्या ठोकत होता. भुताखेतांच्या गप्पा मारायची दोघांनाही लाज वाटली आणि ते कामाला लागले. शहाण्या माणसांची चूक ही अशी असते.

"कुठून तरी रिफ्लेक्शन येतंय," नीरज म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "गोधड्या चुकीच्या जागी लागल्यात. आरसा आहे का घरात? छोटा पण चालेल."

ही त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती. ऐकणाऱ्याने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीला लावून आरसा हळूहळू सरकवत न्यायचा. खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला की म्हणायचं "थांब". आवाज नेमका त्याच जागी भिंतीवर आपटतो, तिथे खूण करायची, तिथे मऊ कापड लावायचं. सोपं, बिनखर्चाचं आणि कधी न चुकणारं.

शशिकांतने सुचेताचा कुंकवाचा आरसा आणून दिला. गोधड्या उतरवल्या. रेकॉर्डिंग बंद केलं. बाहेर उन्हाचा कडाका होता, समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती, आणि सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. हे सगळं त्याला पुढे नीट आठवायचं, कारण त्या वेळी घाबरण्यासारखं आजूबाजूला काहीच नव्हतं.

तो खुर्चीत बसला, मागे दिवाण, पुढे स्पीकर. नीरजने उजव्या भिंतीच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"काका, भिंतीकडे बघत रहा. दिसला की बोला."

आरशात आधी खिडकीचे गज आले. मग पडद्याची कड. मग दिवाणाच्या चादरीची निळी नक्षी. नीरज हळू सरकवत होता, शिकलेल्या हाताने. चादरीची नक्षी, तिची दुमडलेली कड, आणि त्या कडेवर ठेवलेला एक हात.

हात मनगटापर्यंत दिसला. पुढचं आरशात मावलं नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करून सरकत होता, पहिलं पेर, दुसरं, तिसरं, ताल मोजतात तसा. खोलीत काही वाजत नव्हतं. तरी अंगठा मोजत होता, घाई नाही, चूक नाही, आणि चौथ्या बोटापर्यंत पोचून पुन्हा पहिल्यावर आला.

मग आरसा पुढे गेला. त्यात शशिकांतचा स्वतःचा कान आला, गाल आला, दाराची कडी आली, आणि मग छोटा काळा स्पीकर आला आणि निघून गेला.

"काका? दिसला का नाही?"

थांब म्हणायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. मागे वळून बघायचंही त्याला सुचलं नाही. बघायचं नव्हतं, हेच खरं. "दिसला," तो म्हणाला.

"मग बोलायचं ना. कुठे दिसला?"

शशिकांतने भिंतीवर कुठेतरी बोट दाखवलं. नीरजने पेन्सिलने फुली मारली. त्याने आरसा दिवाणावर ठेवायला हात पुढे केला, मग ठेवला नाही, शशिकांतच्या हातात दिला.

निघताना त्याने आपली जोडी काढून पिशवीत भरली. दारात चपला घालता घालता म्हणाला, "काका, रूममध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. तुम्ही फक्त ते रेकॉर्डिंग बदला." लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने उतरला.

६

रुचिताला यायला आता एकच आठवडा उरला होता. शशिकांतच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती असं नाही, वाटत होती, पण त्याहून मोठी भीती ही, की त्या दिवाणावर आपली सात महिन्यांची पोटुशी लेक निजणार. कसला धसका लागता कामा नये, डॉक्टरांचं वाक्य. आणि ते बाळ.

"तिला आपल्या बेडरूममध्ये झोपू दे," तो जेवताना म्हणाला. "आपण छोट्या खोलीत जाऊ."

"का?"

"पलंग मोठा आहे. पंखा चांगला आहे."

"तिला तिचीच खोली हवीय. रोज फोनवर विचारते, दिवाण तिथेच आहे ना म्हणून."

"ओल आलीय त्या भिंतीला."

सुचेता ताटावरून उठली, खरकट्या हाताने छोट्या खोलीत गेली, डाव्या हाताने चारही भिंती चाचपून आली. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती खणखणीत कोरड्या होत्या. ती परत येऊन बसली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, वाईट वाटणं होतं, आणि ते त्याला जास्त लागलं.

"स्पीकरची खोली सोडवत नाही, असं सरळ सांगा ना," ती म्हणाली. "एकदा पोरीने गमावलंय. आता तिला दोन महिने हक्काने यायचंय. आणि तुम्हाला डबे जड झाले?"

आता काय सांगणार? हात पाहिला म्हणून? सुचेता आधी त्याला डॉक्टरकडे नेईल आणि मग फोन करून लेकीला सांगेल, बाबांना काय झालंय बघ. म्हणजे धसका तिथेच, पुण्यातच. बोललं तर पोरीला धसका आणि गप्प बसलं तरी पोर त्याच दिवाणावर, इकडे आड तिकडे विहीर.

त्याने एकच केलं. दुसऱ्या दिवशी त्याने नीरजची दुसरी जोडी रिक्षात घालून हाटकेशला परत केली. अॅम्प्लिफायर माळ्यावर टाकला. खोली झाडली, पुसली, गोधड्या धुऊन वाळवून घडी घातल्या. सुचेता निवळली. मग तो पुन्हा तेच बोलला, स्पीकर नाहीत आता, तरी सांगतो, तिला मोठ्या खोलीत झोपू दे. या वेळी सुचेता भांडली नाही. तिला काही कळलं नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कधी असा हात जोडून काही मागितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "पण तिला तुम्हीच सांगायचं."

रात्री तो त्या खोलीत जात नव्हता. दिवसा मात्र दोनदा जाऊन दारातून दिवाण बघायचा. चादर ताठ होती. तीच चादर तो रोज सकाळी पुन्हा ताठ करायचा, कारण खिडकीकडच्या बाजूला तिला किंचित सुरकुत्या पडलेल्या असायच्या. वाऱ्याने, तो म्हणायचा. खिडकी बंद असायची.

७

शनिवारी दुपारी बाराला गाडी आली. सुचेताने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. रुचिता फुगलेल्या पावलांनी आत आली, सोफ्यावर टेकली, सरबत प्याली. तेज आलं होतं पोरीला. साईराज बॅगा ठेवून, जेवून, परतीच्या घाईत निघाला. त्याला सोडायला सुचेता खाली गेली.

"बाबा, मी जरा आडवी होते," रुचिता म्हणाली आणि सरळ छोट्या खोलीकडे वळली.

"रुचू, अगं, तुझी व्यवस्था आत केलीय. मोठ्या पलंगावर."

"का?"

"तिथे हवा चांगली आहे. आणि इथे... मी पसारा करून ठेवलाय."

ती खोलीच्या दारात उभी राहिली. आत पसारा नव्हता. आत फक्त दिवाण होता आणि भिंतीवर एक पेन्सिलची फुली. "आईने सांगितलं, तुम्ही माझं ते जुनं रेकॉर्डिंग वाजवत होतात," ती म्हणाली.

"हो. स्पीकर बघायला."

"मग? कसं वाटलं?"

"छान आहे."

"माझा सा लांबत नव्हता तेव्हा. दम पुरायचा नाही. मग कुणीतरी धरून ठेवायचं." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "ते तुम्हीच ना बाबा? दाराबाहेरून?"

नाही म्हटलं तर तिला धसका. तिच्या पोटावर ठेवलेल्या तिच्या हाताकडे शशिकांतने पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने लेकीला डोळ्यात डोळे घालून खोटं सांगितलं. "हो गं. मीच."

रुचिता हसायला लागली. मनापासून, लहानपणी हसायची तशी. "काहीतरीच बाबा. तुम्हाला आरती तरी सुरात येते का?"

तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं, त्यालाच धीर द्यावा तसं, आणि आत जाऊन दार लोटलं. दार पुरतं लागलं नाही. बोटभर फट राहिली.

शशिकांत फटीशी उभा राहिला. आत जावं, तिला ओढून बाहेर काढावं, की सुचेताला हाक मारावी, त्याला काही सुचत नव्हतं. त्याला आत फक्त रुचिता दिसत होती, दिवाणापासून दोन पावलांवर, एक हात कमरेवर, दमलेली, चेहऱ्यावर ते हसू तसंच. लग्नानंतर तीन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर त्याने ते पाहिलं नव्हतं.

"सरक जरा," ती म्हणाली. अगदी घरातल्या माणसाला म्हणावं तसं. "आता आम्ही दोघं आहोत."

ती अजून उभीच होती. दिवाण करकरला.

मग ती बसली, खिडकीकडची अर्धी बाजू मोकळी सोडून.